अक्कांच्या तीन पायऱ्या

धुळ्यातल्या आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला तो माझ्यामुळे. हे मी आजही ठासून सांगते. सह्या मी गोळा केल्या, चपलाही मीच झिजवल्या. पावसाळ्यात चिखल तुडवणारी पोरं आता कोरड्या बुटांनी शाळेत जातात, रिक्षा दारापर्यंत येते. त्यावर कुणी माझ्यासमोर नाक मुरडून दाखवावं!

फक्त नवा रस्ता जुन्यावरच चढवला आणि गल्ली दोन फूट उंच झाली. गटारीसाठी समोरच्या अक्कांचा ओटा गेला. अक्का ऐंशीच्या. दिवसभर त्या ओट्यावर बसून गल्लीची खबर ठेवायच्या. आता बाहेर यायला तीन पायऱ्या चढायच्या, आणि गुडघे ऐकत नव्हते. त्या दिसेनाशा झाल्या. ऊन बाधत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, दिवस आला. ज्वारीचा घाटा शिजला की पहिला चमचा अक्कांना द्यायचा, त्यांनी मान डोलवली की ओल्या फडक्यावर बिबडे थापून खाटांवर वाळत टाकायचे, ही आमची रीत. यंदा त्यांना वर कोण आणणार? मीच चाखलं. मीठ कमी वाटलं, म्हणून आणखी दोन मुठी टाकलं. वाळल्यावर एक तळून पाहिला, तर तोंडात धरवेना. करायला गेलो गणपती, झाला मारुती! चार घरांचे वर्षभराचे बिबडे वाया गेले.

ताटली घेऊन अक्कांकडे उतरले. त्यांनी तुकडा मोडला आणि हसू लागल्या.

"काय वं माय, वल्ला घाटा फिक्काच लागाले जोयजे. वाळना म्हंजे मीठ वर येस."

"मग हाक मारायची ना, अक्का!"

"तुमना रस्ता चांगला शे. पन मन्ही हाक आते वर येत नही."

मला माझाच संताप आला. सह्यांसाठी मी ह्याच दारात उभी राहिले होते, आणि अक्कांनी मुकाट अंगठा दिला होता.

शेजारच्या गल्लीत काँक्रीटचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमाला गाठलं. अक्कांच्या दारापुढे उतार करून द्या म्हटलं, तर म्हणे, नकाशात नाही. मी म्हटलं, "अक्का तरी कुठे आहेत तुमच्या नकाशात? चला, दाखवते." तो आला, पायऱ्या पाहिल्या, चहा प्यायला. दोन दिवसांत उतार झाला. पाइपाचा कठडा मी बसवून घेतला.

आठवड्याने पुन्हा घाटा शिजला. अक्का कठडा धरून, दोनदा थांबत वर आल्या. मी चमचा पुढे केला. त्यांनी डोळे मिटून चाखलं. आम्ही सगळ्या त्यांच्या मानेकडे बघत राहिलो.

"बठ्ठं बरोबर शे. थापा," त्या म्हणाल्या. "आन् माले खुर्ची द्या वं. मी आते आठेच बठस."