टेलिफोनच्या पेटीतल्या मुंग्या

“कलकत्त्याचा कॉल दोनदा परत गेलाय. नो रिप्लाय. आणि मास्तर म्हणतात, फोन उत्तम चालू आहे. दोघांत खरं कोण, ते बघून या.” साहेबांनी एवढं सांगितलं आणि मी टूलबॅग सायकलला अडकवून निघालो.

साठ सालानंतरची गोष्ट. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी अलिबागच्या एक्स्चेंजला मेकॅनिक होतो. नागावच्या पुढे कोळीवाड्याला लागून एक गाव होतं, तिथल्या पोस्टात नवीन पीसीओ झाला होता. पीसीओ म्हणजे सगळ्या गावाचा मिळून एक फोन. भिंतीवर लाकडी पेटी, बाजूला फिरवायचा दांडा, वर घंटी. दांडा फिरवला की अलिबागला कळायचं, अलिबागने रिंग दिली की इथली घंटी वाजायची.

पोस्ट म्हणजे म्हात्रे मास्तरांच्या घराची ओटी. सकाळी शाळा, दुपारनंतर पोस्ट, असा मास्तरांचा दिवस. मी पोचलो तेव्हा ते चिडूनच होते.

“कालच मामलेदार कचेरीशी बोललोय मी. स्वच्छ ऐकू येतं. उगाच आमच्यावर बालंट.”

“मास्तर, तुम्ही केलेला कॉल लागतो. तुम्हाला आलेला कॉल वाजतो का?”

मास्तरांनी वर घंटीकडे पाहिलं. “हल्ली बऱ्याच दिवसांत आलाच नाही कुणाचा,” म्हणाले.

मी दांडा फिरवून अलिबागला सांगितलं, रिंग द्या. रिसिव्हर हुकाला लावून उभा राहिलो. काही नाही. परत फोन केला, तर ऑपरेटर बाई म्हणाल्या, “केव्हाची देतेय हो! आणि ऐका, कलकत्त्याची पार्टी आज संध्याकाळी पुन्हा कॉल लावणार आहे. बोट उद्या सुटतेय म्हणे. पीपी कॉल आहे, हिराबाय म्हणून कुणी आहेत, त्यांच्यासाठी.” पीपी म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून द्यायचा कॉल.

हिराबाय ओटीच्या पायरीवरच बसलेली होती. मासळीची रिकामी पाटी शेजारी, नजर पेटीवर. मास्तर हळूच म्हणाले, “रोज बाजार आटपला की येऊन बसते. मुलगा बोटीवर खलाशी आहे. बंदराला लागलो की फोन करीन म्हणून कळवलंय त्याने.” ती इथे बसलेली असतानाच दोन कॉल परत गेले होते. हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. मी स्क्रू ड्रायव्हर काढला.

पेटी उघडली आणि आत नुसतं वळवळलं.

आता थोडं समजावून सांगतो. रिसिव्हर हुकावर टांगला की आत दोन पितळी पट्ट्या एकमेकींना टेकतात. त्या टेकल्या तरच बाहेरची रिंग घंटीपर्यंत जाते. उचलला की त्या सुटतात आणि बोलायच्या दुसऱ्या पट्ट्या जुळतात. मुंग्या नेमक्या घंटीच्या पट्ट्यांत शिरायच्या, चिरडायच्या, त्यांच्यावर आणखी चिरडायच्या. चांगला थर बसला होता. म्हणून मास्तर सगळ्या जगाशी बोलू शकत होते आणि जग मास्तरांशी बोलू शकत नव्हतं.

मुंगी कुठली, हे आधी बघावं लागतं. घरातली मोठी काळी, तिला आपण मुंगळा म्हणतो, ती गुळाच्या ढेपेला लागते. केरसुणीने बाहेर काढली तरी चालते. पायाला आग लावणारी लाल असते, ती सुक्या मासळीवर आणि तेलकटावर. कशीही वेडीवाकडी धावणारी काळी बारीक असते, ती कुणाच्या अध्यातमध्यात नाही. आणि एक अगदी बारीक, पिवळसर तांबूस, नीट पाहिल्याशिवाय दिसायचीही नाही. ही भिंतीच्या फटीत राहते आणि सगळ्यांत चिवट. पेटीत होती ती हीच.

“मलेरियावाल्यांची डीडीटी पावडर मारली होती मी,” मास्तर म्हणाले. “दोन दिवस गेल्या. मग चहूबाजूंनी आल्या.”

“येणारच. हिला हुसकलं की घर फुटतं आणि एकाची चार घरं होतात.”

पट्ट्यांमधून पेट्रोलात भिजवलेली पोस्टकार्डाची पट्टी ओढून मी थर काढला. वायर आत येते ते भोक मेणाने बुजवलं. वायरीला बोटभर रुंद व्हॅसलीन फासलं, त्यावरून मुंगी चालत नाही. पण खायला असेल तोवर ती येतच राहणार. म्हणून ओळ कुठे जाते ते बघत गेलो. पेटीच्या मागे, फळी आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत, गुळाचे खडे नि खोबऱ्याचे तुकडे. काही जुने, काही आजचेच. फळीवर कुंकवाची बोटं.

“हे कुणाचं?”

मास्तरांनी हात वर केले. पायरीवरून आवाज आला, “मीच ठेवतंय.”

“मावशी, कशाला?”

“येवढ्या लांबचा आवाज आनतंय ते. त्याच्या तोंडात कायतरी नको घालायला?” मग म्हणाली, “पोर जाऊन दोन शिमगे झालं. मना दुसरं काय करता येतंय?”

मला एकदम माणगाव आठवलं. माझी बायको-मुलं तिकडे, मी अलिबागला भाड्याच्या खोलीत, महिन्यातून एकदा गाठ पडायची. गावोगाव दुसऱ्यांचे आवाज पोचवत हिंडायचो आणि घरी फोन करायची सोय नव्हती. खरं सांगतो, पेटीसमोर गूळ ठेवून भागलं असतं, तर मीही ठेवला असता.

तिला एवढंच म्हटलं, “मावशी, गुळाला मुंग्या येतात आणि मुंग्यांनी घंटी बंद पडते. ठेवायचंच तर घरी देवापुढे ठेवा.” तिने तोंडावर पदर घेतला. “म्हंजी माज्यापायी वाजली न्हाय?” मास्तर शाळेत कधी बोलले नसतील इतक्या मऊपणे म्हणाले, “जुनी पेटी आहे गं, कशानेही बंद पडते.”

सांदी साबणाच्या पाण्याने धुतली. सोनाराकडून टाकणखार, म्हणजे डाग द्यायला वापरतात तो बोरॅक्स, आणवला, मास्तरांच्या गुळात चिमूटभर कालवला आणि घराबाहेर, फटीच्या तोंडाशी, पोराबाळांचा हात पोचणार नाही असा ठेवला. प्रमाण कमीच हवं. जहाल झालं तर मुंगी वाटेत मरते. कमी असलं तर ती ते घरात नेऊन राणीला भरवते. आठवड्या-पंधरवड्याचं काम असतं ते, घाई करून चालत नाही.

दिवेलागणीला घंटी वाजली. हिराबाय उठली, पण पेटीला हात लावेना. मी रिसिव्हर तिच्या कानाला लावून दिला. लाइन इतकी साफ होती की मला बाजूला उभ्याने ऐकू आलं.

“आये, बरी हाईस ना?”

“बरी हाय. तू कवा येशील?”

“या शिमग्याला न्हाय जमत, आये. कंपनीनं पुन्हा घेतलंय. त्याच्या पुढल्याला बघू.”

“बरं,” ती म्हणाली. “जेवतोस ना येळेवर?”

तीन मिनिटं संपली. ऑपरेटरने कॉल तोडला तरी ती ऐकतच होती. मग रिसिव्हर माझ्या हातात दिला, ओटी उतरली, दारात उभी राहून रस्त्याला दोन्ही बाजूंना बघितलं.

“अगदी हितं बाहेरनं बोलल्यावानी वाटलं,” म्हणाली, आणि पाटी उचलून गेली.

मी अलिबागला रिपोर्ट दिला, फॉल्ट क्लिअर. त्यानंतर प्रत्येक पीसीओवाल्याला सांगत आलो, पेटीजवळ खाण्याचं काही ठेवू नका. आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली, ती मात्र सांगत बसलो नाही. लाइनीत खरखर असली की माणूस लांब आहे हे ध्यानात राहतं. लाइन साफ असली की ते विसरायला होतं, आणि मग दाराबाहेर जाऊन बघावं लागतं.