पेटीत कोण होतं?

मागच्या रविवारी घिवलीला जाऊन आले. ते डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितेय.

मी परराष्ट्र सेवेत आहे. सुट्टीवर बोईसरला आले की शेजारपाजारचे कौतुकाने विचारतात, कोणकोणते पंतप्रधान भेटले, पार्ट्या कशा असतात... मी हसते आणि विषय बदलते. कारण आखातातल्या आमच्या दूतावासात माझ्याकडे वेगळंच काम आहे. तिथे वारलेल्या आपल्या माणसांना घरी पाठवायचं.

हेमंत त्यातलाच एक. घिवलीच्या मच्छीमार घरातला, तारापूरच्या कारखान्यांत वेल्डिंग शिकलेला. काही महिन्यांपूर्वी तिकडे एका टाकीत काम करताना भडका उडाला आणि तो गेला... पेटी सीलबंदच पाठवावी लागली. घरी उघडू नका, असं त्याच्या बहिणीला, रोशनीला, फोनवर मीच सांगितलं होतं.

मी आल्याचं कळल्यावर रोशनीचा फोन आला. "ताई, आयेला पटतच नाय. दुसऱ्याच कोनाला तरी जाळलात म्हनते. त्याचं बारावं पन करू दिलं नाय. तुमी येऊन सांगा ना."

गेले. रिक्षात मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. आमच्या नोकरीत तेच तर शिकवतात, कठीण गोष्ट मऊ शब्दांत कशी सांगायची...

त्याची आई, हिरामावशी, ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी जुळवलेलं सगळं बोलले. पोलिसांचा तपास, डॉक्टरांचा दाखला, सोबतच्या कामगारांनी दिलेली साक्ष... ती मान खाली घालून निवडत राहिली.

मग म्हणाली, "तू सोता बगितलंस त्याला?"

"हो, मावशी."

"तोंड?"

शांत झोपल्यासारखा दिसत होता, असं सांगायची आमच्यात पद्धत आहे. मीही कितीतरी घरांत तसं सांगितलंय. पण तिच्यासमोर जीभ वळेना... "तोंड ओळखू येत नव्हतं," मी म्हटलं.

तिने झटकन वर पाहिलं. चेहरा एकदम खुलला. "मंग तो नसंल! मी सांगत व्हते ना रोशने, तो नसंल!"

त्या क्षणी गप्प बसून निघून यावं असं फार वाटलं. आणखी काही वर्षं ती याच्यावर जगली असती... पण रोशनी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"मावशी, डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. जुनी जखम होती ती, भाजल्याची नव्हे."

मावशीचा हात सुपात तसाच राहिला. रोशनी हळूच म्हणाली, "बारका असताना होडीच्या दोरात तुटलेली..."

मावशीने विचारलं ते अगदी बारीक आवाजात.

"हात लावलास त्याला?"

"हो. चादर नीट करताना हात बाहेर आला होता. तो धरून आत ठेवला."

"घरचं कोनीच नव्हतं ना तिथं..."

"नाही, मावशी. मीच होते."

तिने माझा हात ओढून घेतला. सुकटीच्या वासाच्या त्या दोन तळव्यांत घट्ट दाबला, गालाला लावला... आणि मग अशी रडली की शेजारची माणसं धावत आली. इतके महिने आत धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

सांत्वन करायला गेले होते. एका आईची उरलीसुरली आशा काढून घेऊन परत आले... बरं केलं की वाईट, अजून कळत नाही. निघताना ती उठू शकली नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "बाय, तू व्हतीस ते बरं झालं."

पुढच्या आठवड्यात परत रुजू व्हायचंय. तिकडच्या शवागारात पुन्हा कुणाचा तरी मुलगा असेल, आणि घरचं कुणी नसेल... चादर नीट करताना आता हात थोडा जास्त वेळ धरीन.