रंगांची बेरीज

आमच्या गल्लीत माझ्या सुनेला सगळे रंगवाली म्हणत. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात ती गिऱ्हाइकाला हवा तो रंग कालवून द्यायची. माझा मुलगा गेला, तेव्हा लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की ही आता माहेरी जाणार आणि म्हातारी वाऱ्यावर. ती गेली नाही. कंबर कसून कामाला लागली. मी तिच्या हातचं आयतं खाते आणि वर मीठ कमी आहे म्हणून सांगते, तेही ती ऐकून घेते.

पण रंगाच्या वासाने तिला खोकला जडला. डॉक्टर म्हणाले, "दुकान सोडलं नाहीत तर माझं औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." दुकान सोडून खायचं काय? म्हणून ती संध्याकाळी एका शिकवणीत जाऊन कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला शिकली. तिथल्या सरांना तिचं समजावून सांगणं आवडलं. ते म्हणाले, नवख्या लोकांना एक धडा शिकवून दाखवा, जमलं तर इथेच शिकवायला या.

धडा होता ऑपरेटर ओव्हरलोडिंगचा. मला वाटलं, जास्त माल भरलेल्या ट्रकचं काहीतरी असेल. तिने पहिला प्रयोग माझ्यावरच केला.

"तुम्हाला कळलं ना आई, तर कोणालाही कळेल."

"हे कौतुक की टोमणा?"

"दोन्ही. आता सांगा, दोन अधिक तीन?"

"पाच. तेवढं येतं मला."

"आणि 'ताई' अधिक 'बाई'?"

"शब्दांची कसली गं बेरीज?"

"कॉम्प्युटर ते जोडून 'ताईबाई' करतो. चिन्ह अधिकचंच, पण दोन्ही बाजूंना काय आहे ते बघून तो काम ठरवतो. आकडे नि शब्द त्याला आधीपासून ठाऊक असतात. पण मी 'रंग' नावाची माझी स्वतःची वस्तू बनवली, तर दोन रंगांची बेरीज कशी करायची हे त्याला कोण सांगणार?"

"तूच. दुसरं कोण?"

"झालं. अधिकसारखं चिन्ह म्हणजे ऑपरेटर, त्याला असं जादा काम शिकवायचं, यालाच ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात."

"एवढंच? मग नाव इतकं भारदस्त कशाला?"

"साधं ठेवलं तर फी कोण भरेल?"

धड्याच्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तिने पडद्यावर दाखवलं की प्रत्येक रंगाच्या दोन गोष्टी लिहून ठेवायच्या, किती लिटर आणि किती निळा. पांढऱ्याचा निळेपणा शून्य, गडद निळ्याचा शंभर. अधिकच्या चिन्हाला तिने शिकवलं होतं की लिटर मिळव आणि निळेपणा दोघांच्या मधला घे. एक लिटर पांढरा अधिक एक लिटर निळा केलं, तर दोन लिटर आले, निळेपणा पन्नास. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची शिंपीण म्हणाली, "बादलीभर पांढऱ्यात चमचाभर निळा टाकला तर?"

सुनेने आकडे घालून बटण दाबलं. निळेपणा पुन्हा पन्नास. चमचाभर निळ्याने सगळी बादली निम्मी निळी. कोणीतरी हसलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. सुनेला खोकल्याची उबळ आली.

पाण्याचा घोट घेऊन ती म्हणाली, "दुकानात हे केलं असतं, तर मालकाने बादली माझ्याच डोक्यावर ओतली असती." सगळे हसले, पण आता तिच्याबरोबर. "बघा, चिन्ह चुकलं का? त्याने मी सांगितलं तेच केलं. कोणता रंग किती आहे ते बघ, हे सांगायचं मीच विसरले. आता तुम्ही सांगा, काय लिहू?"

"जो जास्त, त्याचं जास्त चालावं," शिंपीण म्हणाली.

मग सगळेच बोलायला लागले. प्रत्येकाचा निळेपणा त्याच्या लिटरने गुणायचा, दोन्ही गुणाकार मिळवायचे आणि एकूण लिटरने भागायचं, असं ठरलं. तिने ते लिहिलं. निळेपणा शून्याच्या जरासा वर आला, बादली पांढरीच राहिली.

एका गृहस्थांनी विचारलं, "आणि रंग अधिक खुर्ची केलं तर?"

"त्याचा नियम मी दिलेला नाही, म्हणून कॉम्प्युटर सरळ 'जमत नाही' म्हणेल. न कळता मान डोलावणाऱ्यांतला तो नाही. आणि अधिकला वजाबाकीही शिकवता येईल, पण शिकवू नका. चिन्ह बघून माणसाला जे वाटतं, तेच घडायला हवं."

धडा संपल्यावर सर माझ्याजवळून जाताना म्हणाले, "आजी, धडा बिनचूक झाला असता तर लोक वहीत उतरवून घरी गेले असते. आज त्यांना तो कळला." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "सोमवारपासून या."

आता तिचा खोकला पुष्कळ कमी झालाय. पूर्वी जेवताना चार शब्द बोलली की थांबायची. आता दिवसभरात कोणी काय विचारलं ते सगळं एका दमात सांगते. मला मध्ये तोंड घालायला जागा मिळत नाही, आणि देवाशपथ, त्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही.