बघण्याचे पैसे

बांद्याच्या बाजारात अब्बांचं भांड्यांचं दुकान आहे. पुण्यातली नोकरी सोडून मी परत आले ती त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, दोन महिन्यांच्या बोलीवर. ते घरी पाय लांब करून बसले आणि गल्ल्यावर मी. पुढे ते काठी टेकत दुकानात येऊ लागले, तेव्हा गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं आपापले फोन बघत बसायचो. एकदा त्यांनी वैतागून फोन पालथा ठेवला. मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीतल्या फ्लॅटची जाहिरात त्यांना सकाळपासून चौथ्यांदा दिसली होती.

"बघतंय मी," ते म्हणाले, "आणि पैसे तिसरोच खाता."

या वाक्यावरून मी धंदा उभा केला, असं मी पुढे सगळ्यांना सांगायची. तसं ते खरंही आहे. पण मला पुण्याला परत जायचं नव्हतं आणि इथे राहायला काहीतरी कारण हवं होतं, हेही तितकंच खरं.

कॉलेजातली माझी मैत्रीण वालावलची. घरी भातशेती आणि काजूची बाग. ती स्वतः कुडाळात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. प्रोग्राम तिने लिहिला, गावोगाव फिरण्याचं काम माझ्याकडे आलं. कल्पना साधी होती. जवळपासच्या दुकानांच्या अर्ध्या मिनिटाच्या जाहिराती फोनवर दाखवायच्या, शेवटी एक सोपा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर बरोबर आलं की बघणाऱ्याच्या खात्यात पैसे. ते दुकानदार देणार, आमचा त्यात छोटा वाटा. पहिली जाहिरात अब्बांच्या कुकरची. ती बघायला अब्बांनीच सर्वांत आधी नाव नोंदवलं आणि स्वतःच्याच कुकरच्या प्रश्नाचं उत्तर चुकवलं.

लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. आरोंद्याला एका वाडीत मी खळ्यात बसून समजावत होते, तर एक साठीची बाई सुपातले तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "फुकटचे पैसे कोण दिता गो? फोनातसून आमचेच नेशीत."

मी म्हटलं, "मावशी, एकच बघा. उद्या पैसे आले नाहीत तर मला शिव्या द्या."

तिच्याकडे मुलाचा जुना फोन होता. मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला, महिन्यातून एकदा येणारा. घरी ती आणि सून. तिने जाहिरात बघितली, उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन. "खरोच दितंस गो!" एवढंच बोलली आणि ठेवला. आठवड्याभरात तिने अख्खी वाडी आमच्याकडे आणली. पुढे एकदा तिने मला सांगितलं की रक्कम चहापाण्याची असली तरी सुनेकडे हात पसरावा लागत नाही, हे तिला मोठं वाटतं. सून चांगली होती, तरीसुद्धा.

अडचण दुसरीकडून आली. लोक दिवसभराच्या जाहिराती जेवताना एकदम उरकून टाकायचे, डोळे ताटात आणि बोट फोनवर. दुकानदार म्हणू लागले, आमच्या जाहिरातीचा उपयोग काय? मग मी घंटी काढली.

ही घंटी संपूर्ण माझ्या डोक्यातली, आणि तेव्हा मला तिचा फार अभिमान होता. दिवसातून आठ वेळा फोन वाजणार. एका मिनिटात बोट लावून जाहिरात उघडली तर पैसे, नाहीतर ती गेली. वेळा मात्र रोज वेगळ्या. नेमकी वेळ कळली तर माणूस तेवढ्यापुरताच फोन हातात घेईल. कळली नाही तर दिवसभर कान तिकडे राहील. हे मी वहीत लिहून काढलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मैत्रिणीला ते पटलं नव्हतं. "लोकांका कामा असतत गो," ती म्हणाली. "माझी आई चिखलात लावणी करत असली आणि घंटी वाजली तर?"

"तर एक चुकेल. त्यात काय मोठं?"

"ती चुकवूची नाय. ती धावतली."

तरी तिने घंटी बसवून दिली, कारण मी हट्टाला पेटले होते. आणि घंटी चालली. खूपच चालली. मिनिटाच्या आत उत्तरं येऊ लागली, दुकानदार खूश झाले, नवे आले. पुण्यातले एक गुंतवणूकदार आमच्याबद्दल ऐकून फोनवर तासभर बोलले आणि बांद्याला येऊन बघतो म्हणाले. आठाच्या जागी पंधरा घंट्या करता येतील का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांना यायला चार दिवस होते. दुपारी पाऊण वाजता मला आरोंद्याहून फोन आला. मावशीची सून होती.

"सासू तिसऱ्यो काढूक खाडीत गेली हा. भरती इली, बाकीची सगळी परत इली, तीच येवक नाय. फोन लागणा नाय तिचो. तुमच्या कॉम्प्युटरात दिसता काय, ती खंय आसा ती?"

माणूस कुठे आहे ते आमच्याकडे दिसत नव्हतं. पण कोणी कधी बोट लावलं ते दिसत होतं. मी मावशीचं नाव काढलं. शेवटची घंटी अकरा बत्तीसची, आणि तिने ती आठ सेकंदांत उघडली होती. त्यानंतर बारा दहाला एक वाजून गेली होती, ती तशीच पडून.

आरोंद्याला वाडीत फोनची रेंज येते-जाते. खाडीच्या मधोमध ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो, तिसऱ्यांचे शिंपले बायका तिथेच वेचतात; तिथे मात्र पलीकडच्या टॉवरची रेंज छान मिळते. हे मला मावशीनेच हसत हसत सांगितलं होतं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधते हेही. भरती आली की पट्ट्याच्या आणि काठाच्या मधला भाग आधी भरतो. पट्ट्यावर पाणी घोट्याएवढं असतं तेव्हा परतीच्या वाटेवर ते छातीला लागतं. खाडीकाठच्या पोरालाही हे माहीत असतं, आणि मावशी तिथे चाळीस वर्षं उतरत होती.

"आम्ही येतो," एवढंच मी सुनेला सांगितलं. अकरा बत्तीसचं सांगितलं नाही.

मैत्रीण त्या दिवशी बांद्यालाच होती. स्कूटर तिने चालवली. "मी सांगितला होता" असं ती म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिचा खांदा धरून मागे बसले होते आणि माझ्या वहीतल्या त्या दोन रेघा डोळ्यांपुढून हटत नव्हत्या. अल्लाचं नाव घेत होते. नवसासारखं काहीतरी बोलून गेले, काय ते आता नीट आठवतही नाही.

धक्क्यावर वाडीतली माणसं जमली होती. दोन होड्या पाण्यात घातल्या होत्या. वाळूचा पट्टा दिसत नव्हता, सगळीकडे सारखं, शांत, हिरवट पाणी. सून कठड्याला धरून उभी होती. मी तिच्याजवळ गेले, पण तिच्या अंगाला हात लावायचं धाडस झालं नाही.

तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला. पलीकडच्या काठावरून होता, गोव्याच्या बाजूने. ऐकणाऱ्याने हात वर केला आणि ओरडला, "गावली! थंय बसली हा, चाय पिता!"

सुनेला मागे बसवून मैत्रीण पुलावरून गेली. मला एका रिक्षावाल्याने नेलं. पलीकडे एका घराच्या ओसरीवर मावशी बसली होती, कुणाचा तरी फुलाफुलांचा गाऊन घालून, केस ओले, हातात चहा आणि पाव. होडीने मासे धरायला निघालेल्या एका माणसाने तिला पट्ट्याच्या टोकाशी गळ्याएवढ्या पाण्यात पाहिलं होतं आणि ओढून वर घेतलं होतं. आरोंद्याच्या बाजूला प्रवाहाचा जोर होता म्हणून तो तिला या पलीकडच्या काठावर घेऊन आला. फोन खाडीत गेला, तिसऱ्यांची टोपलीही गेली.

सून तिच्या पाठीवर धपाधप मारत रडत होती. मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"तू कित्याक इलंस? आज दुकान बंद तुमचा?"

मी पायरीवर बसले. आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. घरातल्या बाईने मलाही चहा दिला. इतका गोड चहा मी एरवी पीत नाही. तो कप मी दोन्ही हातांत धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

नंतर मी मावशीला सगळं सांगितलं. घंटी कधी वाजेल ते कळू नये म्हणून मी मुद्दाम तशी केली होती, तुम्ही थांबून राहावं म्हणूनच, असं. तिने ऐकून घेतलं.

"अजून एक येतली म्हणान थांबलंय, ह्या खरा," ती म्हणाली. "पण पाणी माका दिसत होता. माझी अक्कल खंय गेली होती ती माका ठाऊक. सगळा तूच आपल्यार घेव नको." मग पावाचा तुकडा चहात बुडवून म्हणाली, "घंटी मात्र बंद कर. सुनेची भाकरी रोज करपता."

त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, मैत्रिणीने घंटी काढून टाकली. तिला पंधरा मिनिटं लागली. आता ज्याने त्याने आपली वेळ ठरवायची, दिवसातली दहा मिनिटं. त्या वेळेला बसून बघायचं. राहिलं तर दुसऱ्या दिवशी बघायचं, पैसे बुडत नाहीत.

चार दिवसांनी पुण्याचे गृहस्थ आले. दुकानाच्या माळ्यावर, टोपांच्या आणि परातींच्या चळतींमध्ये, आम्ही त्यांना काय झालं ते सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. मावशी ठीक आहेत ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "पण घंटी नसेल तर तुमच्याकडे विकायला उरतं काय?"

"दहा मिनिटं," मैत्रीण ऑफिसातल्या मराठीत म्हणाली, "पण पूर्ण."

त्यांनी नकारार्थी मान हलवली, अब्बांकडून घरी न्यायला एक पितळी तांब्या विकत घेतला आणि गेले. जिन्यावरचा त्यांच्या पावलांचा आवाज थांबला तसं मला वाटलं, आता छातीत धस्स होईल. झालं नाही. उलट खूप दिवसांनी कडकडून भूक लागली. मैत्रीण माझ्याकडे बघत होती.

"माका वाटला तू रडतलंस," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं."

पुढचे काही महिने ओढाताणीचे गेले. निम्मे दुकानदार सोडून गेले; मैत्रिणीने क्लासच्या बॅचेस वाढवल्या, मी पुन्हा गल्ल्यावर बसले. सावरलो ते चष्म्याच्या एका दुकानदारामुळे. तो स्वतःहून भेटायला आला आणि म्हणाला, काय केलंत तुम्ही? बायका येऊन जाहिरातीतली फ्रेमच दाखवा म्हणतात, तपासणीचा वार त्यांना पाठ असतो. निवांत बसून बघितलेलं लक्षात राहतं, एवढंच त्यात होतं. त्याने दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना. धंदा पूर्वी स्वप्नात होता तेवढा मोठा झाला नाही. आमच्या दोघींची पोटं त्यावर भरतात आणि मला पुण्याला जावं लागलं नाही.

गेल्या महिन्यात मी आरोंद्याला गेले होते. तिथल्या बायकांनी मिळून साडेचारची वेळ घेतली आहे आणि मावशीच्या घरात आता वाय-फाय आलं आहे, म्हणून सगळ्या तिच्याच ओसरीवर जमतात. मी एका कोपऱ्यात बसले. एका सायकलच्या प्रश्नावरून दोघींचं भांडण जुंपलं आणि मावशीने तिसरंच उत्तर देऊन दोघींना चूक ठरवलं. पावणेपाचच्या आतच सगळे फोन बाजूला पडले. एक दोरीवरचे कपडे काढायला उठली, दुसरी विहिरीकडे गेली. सुनेने माझ्यापुढे फणसाचे गरे ठेवले. मला तिथे करण्यासारखं काही नव्हतं, आणि मी ते गरे संपेपर्यंत तशीच बसून राहिले.