बायकोचा लाइनमन

माझी बायको मला नळाचा लाइनमन समजते. विजेचा नव्हे, पाण्याचा. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लीच्या तोंडाशी येतो, रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्यात ती घालून व्हॉल्व्ह फिरवतो आणि मग त्या गल्लीला पाणी येतं, तो. आमच्या शहरात या माणसाचं वजन काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नगरसेवकाला लोक नमस्कार करत, पण चहा लाइनमनला पाजत. तोही आलं घालून.

त्यामुळं ती हल्ली असते त्या संस्थेच्या व्हरांड्यात मला पाहून तिनं पदर सावरला आणि "या भाऊ, बसा. चहा घेणार ना?" म्हणाली, तेव्हा आधी मला फार बरं वाटलं. लग्न झाल्यापासून इतक्या अदबीनं ती माझ्याशी बोललेली नव्हती. मग तिनं हळूच विचारलं, "आमच्या लाइनला कधी सोडताय?"

यातली गंमत अशी, की मी जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. दिवसभर धरणांच्या फायली हलवायच्या आणि संध्याकाळी पुंडलिकनगरातल्या घरी येऊन कोरड्या नळाकडं बघायचं. जायकवाडीत पाणी असो नसो, शहर वाढतच होतं. पलीकडं नवी गल्ली झाली, की आमचा नंबर आणखी मागं जाई. दुष्काळाच्या सालांत तर आठवडा उलटला तरी नळ नुसता फुसफुसायचा. त्या सगळ्या काळात घरातलं पाणी हिच्या ताब्यात होतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्यांचं संडासात. अंघोळ पाण्याच्या दिवशी, म्हणजे नळ येईल त्या दिवशी. मधल्या दिवसांत ओल्या पंच्यानं अंग पुसायचं. एकदा मधल्याच दिवशी मी चोरून डोक्यावर एक तांब्या ओतला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोण आहे तिकडं?" घरात आम्ही दोघंच होतो.

पुढं ती विसरायला लागली. आधी भाजीत मीठ, मग गॅस, मग घराचा रस्ता. एका दुपारी टँकर शोधायला म्हणून कळशी घेऊन निघाली ती जालना रोडवर सापडली, भर ट्रॅफिकमध्ये, कळशी कडेवर. त्यानंतर मी आणि पुण्याला असलेली आमची मुलगी, आम्ही दोघांनी मिळून तिला या संस्थेत ठेवायचं ठरवलं. गंगापूरच्या रस्त्याला आहे. तिथं पूर्वी मोसंबीची बाग होती. दुष्काळात बाग वाळली, तोडली, प्लॉट पडले आणि एका प्लॉटवर ही संस्था उभी राहिली. स्वच्छ खोल्या, पुढं व्हरांडा, गच्चीवर मोठी टाकी. नळ कधीही सोडा, पाणी. ते बघून मलाच तिथं राहावंसं वाटलं. हिला मात्र संशय आला. ज्या नळाला रोज पाणी येतं त्यात काहीतरी काळंबेरं आहे, असा तिचा चेहरा.

आणि तिनं अंघोळ बंद केली.

"आज पाण्याचा दिवस नाही," एवढंच कारण. उद्याही नसायचा. तिची देखभाल करणाऱ्या मावशी गोड बोलून थकल्या, एकदा त्यांनी आणखी एकीच्या मदतीनं धरून न्यायचा प्रयत्न केला तर हिनं चावा घेतला. अंग पुसू द्यायची, पण तेही वरवर. उन्हाळा तोंडावर आलेला. काखेत, जांघेत चट्टे उठले, ते चिघळायला लागले. संस्थेच्या प्रमुख ताईंनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

"काका, डॉक्टर म्हणाले रोज धुऊन स्वच्छ झालं तर मलमानं बसेल. नाहीतर दवाखान्यात ॲडमिट करावं लागेल."

"मग करू की."

"तिथं त्या सलाइन ओढून काढतील. मग हात बांधतात, काका. असे पेशंट तिथून परत येतात ना, ते थोडे कमी होऊन येतात."

मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट सरळ करून ठेवला. मग म्हणालो, "माझ्यावर सोडा. मी समजावतो तिला." हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा उच्चारलंय, तितक्यांदा घरात तोडफोड झालेली आहे. पण ताई नवीन होत्या.

मी तिला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं आणि दोन्ही नळ पूर्ण सोडले. "बघ, कितीही सोडलं तरी संपत नाही!" मला वाटलं, प्रत्यक्ष पुराव्यापुढं कोण काय बोलणार. पाणी धो धो मोरीत चाललेलं पाहून तिच्या तोंडचा रंगच उडाला. मला ढकलून तिनं नळ बंद केले, आणि मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. त्यात माझ्या खात्याचाही उद्धार होता. मग ती बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून राखणीला बसली. आत्तापर्यंत एकटी तीच अंघोळ करत नव्हती, त्या दिवशी त्या बाजूच्या कोणाचीच झाली नाही.

दुसऱ्या खेपेला मी लग्नाचा फोटो नेला. लाइनमनचं ऐकत नसेल, नवऱ्याचं तरी ऐकेल. तिनं तो बराच वेळ निरखला.

"मुलगा बरा आहे," ती म्हणाली. "जरा किडकिडीत आहे."

"अगं, मी आहे तो!"

तिनं माझ्याकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, आणि फोटो परत दिला. सभ्यपणानं. आपण एखाद्याला थापा मारताना पकडतो आणि त्याला लाजवत नाही, तसा. "आमचे हे असेच होते," म्हणाली. "तुम्ही ओळखता का त्यांना?"

मी चिडलो. कशावर, ते सांगता यायचं नाही. पिशवी उचलून निघालो, तर व्हरांड्याच्या टोकापर्यंत ती मागं आली. "भाऊ, ओ भाऊ! जाता जाता सांगून तर जा, आमच्याकडं पाणी कधी?"

"उद्या सकाळी!" मी वैतागून ओरडलो. "उद्या सकाळी सोडतो, जा!"

आणि रिक्षात बसून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी चहा घेतोय तोवर ताईंचा फोन. "काका, तुम्ही काल काय सांगून गेलात?"

"का? काय झालं?"

"तुम्ही या आधी."

व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. संस्थेतलं जे जे भांडं पाणी धरू शकेल ते ते तिनं आणून ओळीनं मांडलं होतं. बादल्या, पातेली, कुंडीखालच्या थाळ्या, एका आजोबांचा कवळीचा डबा, आणि शेवटी तीन बेडपॅन, लख्ख घासलेले. स्वतः पदर खोचून, केसांचा घट्ट अंबाडा घालून ती ओळीच्या तोंडाशी उभी. इतक्या महिन्यांत तिला इतकं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काका, पहाटंपासून एकच चाललंय, लाइनमनला जाग आली का बघा. लई खुशीत हायेत. आता काय करता?"

काय करणार! मला अजूनही वाटत होतं, की आज ती मला बघून "अहो, इतका उशीर?" म्हणेल. तेवढ्यासाठी मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. तिनं माझ्या शर्टाकडं पाहिलंसुद्धा नाही. "चावी कुठंय?" म्हणाली.

चावी! माझ्याकडं छत्री होती. उन्हाची म्हणून आणलेली, लांब दांड्याची. मी ती खांद्यावर टाकली आणि म्हणालो, "ही नवीन निघालीय, बाई."

"असेल," ती म्हणाली. "फोर्सनं सोडा मात्र. मागच्या वेळी नुसती करंगळीएवढी धार होती."

मी इमारतीमागं गेलो. ताईंनी टाकीचा व्हॉल्व्ह आधीच बंद करून ठेवला होता, तो मी दोन्ही हातांनी फिरवला. उलटा फिरवत होतो, हे थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं. पाटबंधारे खातं! मग सुलटा फिरवला आणि आतून तिची आरोळी आली, "आलं! आलं! लावा गं बादल्या!"

मी परत येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. आत सगळी धांदल. कोणती बादली आधी, कोणती नंतर, पिण्याचं कुठं, वापरायचं कुठं, सगळं तीच सांगत होती. एकदाही चुकली नाही. भांडी भरून झाली तशी ती दारात आली, घामानं डबडबलेली, आणि म्हणाली, "भाऊ, एवढ्यात बंद करू नका हं. वाहत्या नळाखाली अंघोळ उरकून घेते."

घरीही ती असंच करायची. सगळं भरून झालं, की नळ जाईपर्यंतचं उरलेलं पाणी तिचं. ती तिची चैन होती. मी ते साफ विसरलो होतो, आणि इथं विसरायचा आजार तिला आहे म्हणतात.

मावशी मागोमाग आत गेल्या. बराच वेळ तांब्याचा आवाज येत होता. मध्येच मावशींचा आवाज, "हात वर करा माय, हां, अस्सं." मग पुन्हा पाणी. समोरच्या प्लॉटवर कोणाचा तरी स्लॅब पडत होता, मिक्सर घरघरत होता. मी छत्री मांडीवर घेऊन बसून राहिलो. उठलो तर काहीतरी बिघडेल, असं वाटत होतं.

ती बाहेर आली ती धुतलेली साडी नेसून. मावशींनी मागून मला खूण केली, सगळं स्वच्छ धुतलं म्हणून. मग चहा आला. आलं घातलेला. लाइनमनशेजारी खुर्ची घेऊन ती गप्पांना बसली.

"आमच्या ह्यांना तेवढं नळाचं काही सांगू नका हं," म्हणाली. "मी एकदा लग्नाला गंगापूरला गेले, म्हटलं आज पाणी आहे, भरून ठेवा. तर ह्यांनी गव्हाच्या टाकीत पाणी सोडलं!"

"दोन्ही टाक्या निळ्याच होत्या," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"नाही, म्हणजे... निळ्याच असतात बहुतेक. आणि वर झाकण होतं, पाइप नुसता फटीतून आत घातला तर माणसाला कसं..."

"गव्हाचं आणि पाण्याचं वजन कळू नये माणसाला? वर्षाचे गहू होते, भाऊ."

मी चहात बघितलं. "मग? खूप बोलला असाल त्यांना."

"एक शब्द नाही बोलले," ती म्हणाली. हे धादांत खोटं होतं. पुढची दिवाळी येईपर्यंत बोलत होती. "बोलून काय करता? भिजलेच होते, म्हटलं चीक काढू. तीन दिवस पाणी बदलायला पाणी कुठून आणलं ते माझं मला ठाऊक. सगळ्या गल्लीच्या बाया आल्या. इतक्या कुरडया केल्या, इतक्या केल्या, की गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. हे वर कावळे हाकत बसले होते, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. शिक्षा म्हणून नाही हं. स्वतःच बसले." ती हसली. "तसे चांगले आहेत. डोकं नाही तेवढं."

मावशी तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

"पुन्हा कधी सोडाल?" तिनं विचारलं.

"परवा सकाळी," मी म्हणालो. नोकरीत असताना मी कोणालाही इतकी पक्की तारीख दिली नव्हती.

निघताना पाहिलं, तिच्या खोलीच्या दारात एक भरलेली बादली वेगळी ठेवलेली, वर ताट झाकलेलं. मावशी ती उचलायला गेल्या तर हिनं त्यांच्या हातावर चापट मारली.

"ती ह्यांची आहे. ऑफिसातून येतील आता, उन्हाचे."

मला मोह आवरला नाही. मी फाटकापर्यंत गेलो, छत्री रखवालदाराजवळ दिली, केसांवरून हात फिरवला, आणि ऑफिसातून आल्यासारखा चालत परत आलो.

"काय विसरलं, भाऊ?" ती म्हणाली.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. मी तिथंच उभा राहिलो. ऊन खरंच फार होतं, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"बाई," मी म्हणालो, "लांबून आलोय. त्या बादलीतला एक तांब्या मिळेल का? तोंडावर मारायला?"

ती विचारात पडली. बादलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग ताट बाजूला करून तिनं तांब्या बुडवला आणि माझ्या ओंजळीत स्वतः पाणी ओतलं, बारीक धारेनं, सांडू न देता.

"एकच हं," ती म्हणाली. "सगळं तुम्हाला दिलं तर त्यांना काय देऊ?"

मी तोंड धुतलं. उरलेल्या बादलीवर तिनं पुन्हा ताट झाकलं आणि माझी वाट बघत शेजारी बसली.