देठ नसलेली चिठ्ठी

मॅट्रिकच्या वर्षी आमच्या भूगोलाच्या सरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. मुलांनी पाठ करून ओकायचं नाही, स्वतः शोधून लिहायचं. प्रत्येकानं आपापला विषय घेऊन वीस पानांचा निबंध करायचा आणि त्यातला सगळ्यांत चांगला अकोल्याला, शाळाशाळांच्या मेळाव्यात वाचायचा. साठ-एकसष्टची गोष्ट असेल. अमरावतीहून बडनेरा आणि तिथून पॅसेंजरनं अकोला, एवढासाच प्रवास. पण मी तोवर आगगाडीत पाय ठेवला नव्हता. निबंधाचं मला फारसं काही नव्हतं, मला त्या गाडीत बसायचं होतं.

सरांची रीत ठरलेली होती. एक माहिती, एक चिठ्ठी. पुढच्या बाजूला माहिती लिहायची, मागच्या बाजूला ती कुठून मिळाली ते. पुस्तक असेल तर लेखक आणि पान, माणूस असेल तर नाव-गाव. मग सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या, एका नात्यातल्या एकत्र आणायच्या आणि क्रम लागल्याशिवाय वहीला हात लावायचा नाही. हे सरांनी इतक्यांदा सांगितलं की वर्गातल्या ढ मुलानंही झोपेत म्हणून दाखवलं असतं.

मी विषय घेतला संत्र्यांचा. माझी माय संत्र्यांच्या वखारीत कामाला होती. मोर्शीकडून गाड्या येत, माय आणि बरोबरच्या बाया फळं निवडत आणि गवताचा थर देऊन पेट्या भरत. म्हणजे विषय घरचाच होता, पण मी मात्र रोज वाचनालयात जाऊन बसायची. तिथं एक जाडजूड पुस्तक आणि दोन जुनी माहितीपत्रकं सापडली. पंधरा दिवसांत माझ्याकडे डबाभर चिठ्ठ्या झाल्या.

क्रम काही लागेना. जाड पुस्तकाचा मान म्हणून त्याच्या चिठ्ठ्या मी सगळ्यांत आधी मांडल्या होत्या. संध्याकाळी माय कामावरून आली तर घरात पाय ठेवायला जागा नाही.

"काय पसारा मांडला हा?" तिनं दारातूनच विचारलं.

तिला वाचता येत नव्हतं. मी एकेक चिठ्ठी वाचून दाखवायला लागले. चार-पाच ऐकल्या आणि ती फिसकन हसली.

"पेटी पयले बांधून राहिली तू, अन् झाड मंग लावून राहिली. असं असते काय?"

मग ती भिंतीला टेकून बसली. मी वाचायचं आणि तिनं बोटानं जागा दाखवायची. आधी झाड, मग बहार, तोडणी, निवड, पेटी आणि शेवटी मालगाडी. चुलीवर भात शिजेपर्यंत सगळा निबंध जमिनीवर सरळ रांगेत उभा राहिला. मला तिचा थोडा रागच आला.

निवडीच्या चिठ्ठीवर ती अडली. पुस्तकात लिहिलं होतं, फळं आकारावरून निवडावीत.

"आकार मागून," माय म्हणाली. "पयले देठ पाह्याचा. ओढून तोडलेल्या फळाले देठ नसते. तिथं भोक पडते, अन् तिथूनच ते सडते, पेटीतल्या बाकीच्यायलेही सडवते. मंग हातात धरून वजन पाह्याचं. हलकं लागलं त आतून पोलं. लहान-मोठं सगळ्यात शेवटी."

मी ते लिहून घेतलं आणि चिठ्ठी उलटी केली. कुठून मिळालं? आमच्या वर्गात वकिलाची मुलगी होती, तहसीलदाराची होती. त्यांच्यासमोर वखारीत फळं निवडणारी आई हा आधार म्हणून वाचायचा? मला लाज वाटली. मी सरळ एक पुस्तक बनवलं. भारदस्त संस्कृत नाव दिलं, लेखकाच्या मागे एक पदवी लावली, तिसरी आवृत्ती, पान एकशे बारा.

निबंध तपासून सरांनी अकोल्यासाठी माझाच निवडला, आणि त्यांना नेमका तोच भाग आवडला.

"हे पुस्तक मी कसं पाहिलं नाही?" ते वर्गात म्हणाले. "सोमवारी घेऊन ये."

सोमवारी सरांनी पहिल्याच तासाला मला उभं केलं.

"आणलं?"

"नाही सर."

"कावून?" रागावले की सरांची पुस्तकी मराठी गळून पडायची.

"ते सकाळीच वखारीत कामाला जातं, सर."

वर्ग खो-खो हसला. मला रडू फुटलं आणि सगळं खरं बाहेर आलं. सर हसलेही नाहीत आणि ओरडलेही नाहीत. शाळा सुटल्यावर ते माझ्याबरोबर थेट वखारीत आले.

माय दचकून उठली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "काय केलं हिनं, गुरुजी?"

"तिचं राहू द्या, बाई. मले निवड शिकवा."

सर खाली मांडी घालून बसले. मायनं त्यांच्या पुढ्यात टोपलीभर संत्री ओतली. सरांनी अर्धा तास निवडली आणि झाडून सगळी पोली फळं चांगल्या ढिगात टाकली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. निघताना सर मला एवढंच म्हणाले, "तुझ्या चिठ्ठीला देठ नाही. तू भलताच चिकटवला आहेस. अकोल्याला यायचं असेल तर नीट लावून आण."

मी निबंध पुन्हा लिहिला. शेवटच्या पानावर आधार लिहिले. आधी पुस्तकं, लेखकांच्या नावांसकट, आणि सगळ्यांत खाली: 'एका अनुभवी महिला कामगाराकडून मिळालेली माहिती.' मला ते फार रुबाबदार वाटलं. सरांनी ती ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि निबंध परत दिला.

गाडीत मला खिडकी मिळाली. अकोल्याच्या सभागृहात वाचनही झकास झालं. शेवटी परीक्षकांतले एक म्हातारे गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, "पुस्तकं तर आकार आधी सांगतात. ही महिला कामगार कोण?"

दुसऱ्या रांगेत बसलेले सर छताकडे पाहत होते.

"माझी माय," मी म्हणाले.

म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला तिसरा नंबर मिळाला. परतीच्या गाडीत सरांनी फुटाणे घेतले, ते आम्ही बडनेऱ्यापर्यंत पुरवले.

घरी माय भाकरी थापत होती.

"लोकायनं काई इचारलं का?"

"हो. देठाचं कोणी सांगितलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझी माय."

तिचा चेहरा फुलला. मग थापता थापता हात थांबला.

"नाव नाई सांगतलं?"

"त्यांनी नाव विचारलंच नाही."

"अन् त्या पुस्तकवाल्यायचं इचारलं होतं?"

त्यांची नावं विचारावी लागलीच नव्हती. मीच ती सुवाच्य अक्षरात आधी लिहून ठेवली होती.

निबंध दुसऱ्या दिवशी शाळेत जमा करायचा होता. शेवटचं पान काढलं, पट्टी लावून ती रुबाबदार ओळ खोडली आणि तिच्याखाली मायचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे गाव लिहिलं, आणि काम: संत्री निवडणे. माय पिठाचे हात तसेच धरून एकेक अक्षर उमटताना पाहत होती. लिहून झाल्यावर तिनं मला ते दोनदा वाचायला लावलं.

खाडाखोड सरांना अजिबात चालत नसे. त्यांनी त्या नावाशेजारी लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि खाडाखोडीचे दोन गुण कापले. पुढे मी बऱ्याच परीक्षा दिल्या, पुष्कळ गुण मिळवले, त्यातले आता आठवतही नाहीत. हे गेलेले दोन तेवढे पाठ आहेत.