काकीची एकशिपी

मी ऑकलंडच्या अवोन्डेल भागात काकीकडे भाड्याने राहायला गेले तेव्हा त्या घराचे दिवस वाईट चालले होते. गोदामात ओझं उचलताना काकांची पाठ गेली होती. ते दिवसभर खिडकीपाशी उशा लावून बसत. काकी संध्याकाळी ऑफिसं पुसायला जायची. दोघं पेज आणि लोणच्यावर भागवायची, माझ्या ताटात मात्र माशाची तुकडी असायचीच. "शिकणाऱ्या चेडवाक उपाशी ठेवूचा नाय," ती म्हणायची. चेडू म्हणजे मुलगी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेलं पहिलं चेडू मीच, त्यामुळे ते वाक्य मला फार आवडायचं.

काकी वेंगुर्ल्याची. शनिवार-रविवारी ती लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाक करायची. किचन कितीही चकचकीत असो, गेल्या गेल्या ती जमिनीवर पाट मांडायची, पिशवीतून विळी काढायची आणि नारळ खोवायला बसायची. इथे जन्मलेली पोरं भोवती जमायची.

"काकी, व्हाय आर यू ऑन द फ्लोअर?"

"तू पण बस, मगे कळतला."

करायची ती फक्त दक्षिण कोकणातलं जेवण. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे-कोंबडी, सोलकढी, रस-शिरवाळे. फोनवर कुणी बटर चिकन मागितलं की एकच उत्तर, "माका करूक येता, पण करूचा नाय." समोरचा फोन ठेवायचा. काका वैतागायचे.

"गे, एकदा केलंस तर वेंगुर्ल्याचो समुद्र आटतलो?"

"आटूचो नाय. पण खारटपणा जातलो."

मग एका टेकअवेवाल्याने तिला बोलावलं. रोजचं काम, पक्का पगार, आणि पातेली भरभरून बटर चिकन. काकांनी या वेळी चिडचिड केली नाही, नुसते तिच्याकडे बघत राहिले. ते तिला लागलं असावं. ती म्हणाली, "रविवारी रोटोटुनाचा जेवण आसा. ता जमला नाय तर सोमवारपासून जातंय."

हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात माझ्याच गाडीतून गेलो. यजमानीणबाई पुण्याच्या, इंजिनिअर. त्यांची बॉस आणि ऑफिसातली मंडळी जेवायला येणार होती. काकीने बाजारातून कॉकल आणले होते. हे शिंपले म्हणजे आपल्या तिसऱ्यांचे चुलत भाऊच. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांची वाळू काढलेली. विळीवर एकेक उघडून तिने वरची शिंपी फेकली आणि मांस खालच्या शिंपीत तसंच ठेवून रस्सा केला. तिच्या गावी याला एकशिपी म्हणतात.

बाईंनी झाकण उचललं आणि त्या हबकल्याच.

"अहो काकी, शिंपल्यांसकट? बॉस येतेय माझी! काढून टाका ना प्लीज, हीप्स ऑफ टाइम आहे."

"एक शिंपी मी काढलंय. दुसरी जेवणाऱ्यान काढूची."

मी तिला हळूच चिमटा काढला. "काकी, उद्या सोमवार आहे."

"माका म्हायत हा." तिने झाकण लावलं.

पाहुणे बसले. काटे शिंपल्यांवर खरवडू लागले. बाई माझ्याकडे असं बघत होत्या, जणू ती एकशिपी मीच केली होती. तेवढ्यात त्यांच्या बॉसने काटा बाजूला ठेवला. धिप्पाड माओरी बाई. तिने शिंपी उचलली, ओठाला लावली आणि सुर्रकन रस्सा ओढला.

"माझी आजी अशीच खायची," ती इंग्रजीत म्हणाली. "किनाऱ्यावर बसून."

मग टेबलावर काट्याला कुणी हात लावला नाही. यजमानीणबाईंनीसुद्धा नाही, दुसऱ्यांदा वाढून घेताना त्या माझी नजर चुकवत होत्या. टोप पुसून गेला.

जेवणानंतर बॉस किचनमध्ये आली. "किया ओरा, काकी," असा माओरी नमस्कार करत सरळ विळीशेजारी फतकल मारून बसली. तिच्या आईच्या वाढदिवसाला सगळं गणगोत येणार होतं, त्याचं जेवण तिला काकीकडून हवं होतं. काकीने मला विचारायला लावलं, बटर चिकन नको ना? ती म्हणाली, "व्हॉट फॉर?" काकीला याचं भाषांतर लागलं नाही.

सोमवारी तिने टेकअवेवाल्याला नाही म्हणून कळवलं. त्या वाढदिवसाने पुढची बोलावणी आणली, त्यांनी त्यापुढची. रोटोटुनाच्या बाई तर आता सगळीकडे "आमच्या काकी" म्हणून सांगत सुटल्या होत्या.

मी पदवी घेतली आणि पामर्स्टन नॉर्थला नोकरीवर निघाले, तेव्हा काकीने माझ्या डिकीत एक नवी विळी ठेवली. "पदवी झाली, आता खाली बसूक शिक," म्हणाली. शिकले. माझ्या ऑफिसातल्या लोकांना मी सुट्टीच्या दिवशी जमिनीवर बसूनच नारळ खोवून जेवू घालते, आणि कुणी हसलं तर हसू देते.

२०१९ साली मी तिला भेटायला गेले. काका स्टुलावर बसून लसूण सोलत होते आणि फोनही तेच घेत होते. "बटर चिकन? मिळूचा नाय," त्यांनी माझ्यादेखत एकाला ठणकावलं.

काकीने ऑफिसं पुसणं कायमचं सोडलं होतं. ऑकलंडपासून हॅमिल्टनपर्यंतची घरं तिला बोलावत होती, आणि सगळीकडे ती वेंगुर्ल्याचंच जेवण रांधत होती.